थांबणारी गाडी

मुंबईहून पुण्याला येताना कामशेत कधी येऊन गेलं, हे बहुतेकांना कळतच नाही. एक्सप्रेस लोणावळ्याहून सुटते, माणसं वडापाव संपवून हात पुसतात, कुणी पुन्हा डुलकी काढतं, आणि मग एकदम पुणं आल्याची गडबड सुरू होते. मधली मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव ही नावं पिवळ्या पाट्यांवर असतात खरी, पण वाचून होईपर्यंत मागे गेलेली असतात.

माझं गाव तिकोणा पेठ. तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी, पवना धरणाच्या काठाला. गावात रेल्वे नाही, येण्याची शक्यताही नाही. पण ‘आपलं स्टेशन कुठलं?’ असं विचारलं तर गावातलं कुणीही कामशेत हेच उत्तर देईल. मधे वीस-पंचवीस किलोमीटर अंतर आहे. आधी काळे कॉलनी, म्हणजे नकाशातलं पवनानगर, तिथून बेडसे लेण्यांच्या बाजूने जाणारा रस्ता, मग कामशेत.

मावळाचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा एक गोष्ट सारखी समोर येत राहिली. पुस्तकांत मावळ येतो तो बहुतेक वेळा कुणीतरी तिथून जात असतं म्हणून. व्यापारी जातात, सैन्य जातं, रस्ता जातो, आगगाडी जाते, वीज जाते, पाणी जातं. सगळ्यांना पोचायचं असतं दुसरीकडेच. या यादीत मला एकच ठळक अपवाद सापडला. इथे थांबण्यासाठीच काढलेली गाडी. पुणे-लोणावळा लोकल.

पहिली स्टेशनं

तसं बघायला गेलं तर मावळातली पहिली स्टेशनं दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. कार्ले, भाजे, बेडसे. कोकणातल्या सोपारा, कल्याणसारख्या बंदरांवरून माल घाट चढून देशावर यायचा, त्या वाटेवरची ही लेणी. भिक्षूंना पावसाळ्यात राहायला जागा हवी होती आणि वाटेवरच्या लोकांना निवारा आणि पुण्य, दोन्ही.

कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबाखांबांवर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातली बनवासी, तिथल्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचं नाव त्यात आहे. धेनुकाकट नावाच्या गावचे यवनही आहेत. इतक्या लांबच्या माणसांनी इथल्या डोंगरात पैसे घातले, कारण त्यांची ये-जा इथून होती आणि इथे थांबावं लागत होतं. आज मळवली स्टेशनवर उतरलं की भाजे लेणी पायी गाठता येतात. जुन्या थांब्याच्या शेजारी नवा थांबा, असा हा प्रकार आहे.

एकोणीस हजार बैल

पुढची मोठी नोंद सैन्याची. १७७८ च्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचं सैन्य रघुनाथरावाला पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईहून निघालं, पनवेलमार्गे बोरघाट चढलं आणि पुण्याच्या दिशेने सरकू लागलं. सामान वाहायला सुमारे एकोणीस हजार बैल होते असं इतिहासकार सांगतात. मराठे समोरासमोर भिडत नव्हते. ते बाजूने चालत, छापे घालत आणि पुढचा चारा, धान्य नाहीसं करत. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ ला कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. मराठ्यांनाही त्याच्या शौर्याचं कौतुक होतं, म्हणून तो ‘इष्टुर फाकडा’ झाला. त्याची समाधी वडगावात आहे.

खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत यायला या सैन्याला साधारण दोन आठवडे लागले. तळेगाव गाठलं तर तिथे काही शिल्लक नव्हतं. सैन्य मागे फिरलं, वडगावला कोंडलं गेलं आणि तिथेच कंपनीला तह करावा लागला. खंडाळा ते तळेगाव हे सगळं अंतर आजच्या रेल्वेमार्गाला जवळजवळ चिकटून आहे. लोणावळ्याहून तळेगावला लोकलने पाऊण तासही लागत नाही. जाता जाता कार्ल्याचा डोंगर डाव्या हाताला दिसतो.

पुढे पेशवाई बुडाली. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. बैलांच्या पाठीवरचा माल आता बैलगाडीत आला.

दोन्ही टोकं तुटलेली रेल्वे

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मावळाची तारीख मात्र कुणी पाठ करत नाही. ती आहे १४ जून १८५८. त्या दिवशी खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला.

यातली गंमत लक्षात घ्या. घाटातला मार्ग तेव्हा बांधून झालेलाच नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईकडून खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये पोचली होती. इकडे वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत दुसरा तुकडा तयार होता. प्रवासी खोपोलीला उतरायचे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचे आणि खंडाळ्याला दुसरी आगगाडी पकडायचे. पुण्याच्या पुढेही सुरुवातीला रूळ नव्हते. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं मावळात एक अशी रेल्वे धावत होती जी मुंबईकडच्या रेल्वेला जोडलेली नव्हती, आणि सुरुवातीला तर तिची दोन्ही टोकं तुटलेली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम लाइव्ह होती, इंटिग्रेशन बाकी होतं.

ते इंटिग्रेशन फार महाग पडलं. घाटाचा मार्ग साधारण पंचवीस किलोमीटरचा, त्यात पंचवीस बोगदे आणि काही ठिकाणी सदतिसात एक इतका चढ. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. काम १८५६ च्या सुरुवातीला सुरू झालं. १८६१ च्या जानेवारीत इथे बेचाळीस हजारांवर मजूर काम करत होते. पटकी आणि तापाने माणसं जात होती. १८५९ मध्ये मजुरीवरून दंगल झाली, पहिल्या कंत्राटदाराने, फेव्हिएलने, काम सोडलं. दुसरा आला सॉलोमन ट्रेडवेल. तो भारतात पोचल्यावर दोनेक आठवड्यांतच आजारी पडून वारला. मग त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने, कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं आणि माहीतगार इंजिनिअर नेमून काम तडीला नेलं. या मार्गाचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले १८६२ मध्येच वारला. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रीअरच्या हस्ते घाट खुला झाला, तेव्हा तो हे बघायला नव्हता.

बर्कले आणि ट्रेडवेल यांची नावं तरी उरली. त्या बेचाळीस हजारांतल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्यात खांब देणाऱ्याचं नाव मात्र स्पष्ट कोरलेलं आहे.

रेल्वे कशासाठी होती याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. देशावरचा कापूस बंदराला न्यायचा आणि फौज पुण्याहून हवी तिकडे हलवायची. मावळ मधे येत होता, म्हणून मावळात स्टेशनं आली. एकोणिसाव्या शतकातल्या कागदांत खंडाळा, लोणावळा, कार्ले, तळेगाव यांच्या सोबत एक नाव दिसतं, खडकाळा. हेच आमचं कामशेत. कामशेतची बाजारपेठ ज्या ग्रामपंचायतीत येते तिचं नाव खडकाळे आहे. रेल्वेने आधी गावाचं नाव घेतलं होतं. नंतर बाजार मोठा झाला आणि स्टेशन बाजाराच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

बाजार मोठा होण्याचं कारण नकाशात दिसतं. उत्तरेला इंद्रायणी ओलांडली की नाणे मावळ, दक्षिणेला डोंगर ओलांडला की पवन मावळ. दोन्ही खोऱ्यांतला भात, दूध, माणसं इथे उतरतात. शेजारच्या कान्ह्याला आंदर मावळ उतरतो. स्टेशन बांधणाऱ्यांनी मुंबई आणि पुणं पाहिलं, पण खोऱ्यांनी आपापलं स्टेशन शोधून काढलं.

पाणी गेलं तिकडं

विसाव्या शतकात मावळातून जाणाऱ्या गोष्टींत दोन नव्या गोष्टींची भर पडली. वीज आणि पाणी.

१९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडायचं, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. १९२९ मध्ये कल्याण ते पुणे रेल्वेचं विद्युतीकरण झालं. घाटात पूर्वी गाडीची दिशा उलटवावी लागायची, ते ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ नव्या मार्गामुळे बंद झालं. लांबलचक विजेची इंजिनं आली, त्यांच्या आवाजावरून रेल्वेतले लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणायचे. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. सगळं अधिक वेगाने जाऊ लागलं.

मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पवना धरण पुरं झालं. आमची खालची भातखाचरं त्यात गेली. धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला जातं. तिथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली होती, साठच्या दशकात बजाज ऑटो, टेल्को आले आणि त्यांच्याभोवती शेकडो लहान कारखाने. त्या सगळ्यांना पाणी हवं होतं आणि माणसं हवी होती.

आजोबा त्या माणसांतले एक. पिंपरीच्या एका कारखान्यात ते हेल्पर म्हणून लागले. ‘जमीन गेली मग नोकरी कशी काय धरली?’ असं मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, “पानी गेलं तिकडं आपन बी गेलो.” एवढंच. पुनर्वसनाचा विषय निघाला की ते गप्प होतात. धरणग्रस्तांच्या जमिनीचा प्रश्न पुढे पन्नास वर्षं भिजत पडला, तेव्हा त्यात बोलण्यासारखं तरी काय होतं.

सुरुवातीला ते सहा दिवस पिंपरीलाच एका खोलीत पाच जणांबरोबर राहत. पॅसेंजर गाड्या होत्या, पण त्यांच्या वेळा पाळ्यांशी जुळायच्या नाहीत. गुरुवार औद्योगिक सुट्टीचा दिवस, म्हणून बुधवारी रात्री घर आणि शुक्रवारी पहाटे परत. माझ्या वडिलांना लहानपणी वाटायचं की सगळ्यांचेच बाबा गुरुवारचे असतात.

मार्च १९७८

पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ ला सुरू झाली. खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला १८५८ मध्ये, म्हणजे मधे १२० वर्षं गेली. विजेच्या तारा डोक्यावर होत्याच, त्यांनासुद्धा जवळपास पन्नास वर्षं झाली होती. लोकल सुरू झाली कारण पिंपरी-चिंचवडचे कारखाने आता मावळातल्या माणसांवर चालत होते आणि ती माणसं वेळेवर यायला हवी होती.

म्हणजे हेतू याही वेळी शहराचाच होता. पण लोकलची रचना वेगळी आहे. चौसष्ट किलोमीटर, सतरा स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी थांबा. ती घाट उतरत नाही, लोणावळ्याला वळते आणि परत फिरते. तिला मुंबईला पोचायचंच नाही. बेगडेवाडी, घोरावाडी, कान्हे ही गावं तिच्या वेळापत्रकात पुण्याइतकीच एक-एक ओळ घेतात.

आजोबांनी पिंपरीची खोली सोडली आणि कामशेतला घेतली, पुढे काळे कॉलनीहून येणारी एसटी जुळायला लागल्यावर तीही सोडली. घरी रोज येणं सुरू झालं. धाकटी आत्या लोकल सुरू झाल्यानंतरची. तिचे बाबा रोजचे होते. आमच्या घरात रेल्वेचा इतिहास असा मोजतात.

पुढे याच गाडीने वडील तळेगावला आयटीआयला गेले आणि मी आकुर्डीला इंजिनिअरिंगला. कामशेत ते आकुर्डी पाऊण तासाच्या आत. डब्यात दूधवाल्यांच्या किटल्या, भाजीची गाठोडी, कंपनीचे गणवेश, नर्सिंगच्या मुली, आणि आम्ही, मांडीवर जर्नल घेऊन. आमच्या वर्गात हॉस्टेलवर राहणं ज्यांना परवडत नव्हतं आणि तरीही जे इंजिनिअर झाले, त्यांतल्या निम्म्या मुलांची खरी शिष्यवृत्ती म्हणजे लोकलचा पास होता.

सगळ्यात शेवटची प्रायोरिटी

ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयात ‘शेड्युलिंग’ शिकवतात. प्रोसेसर एक, कामं अनेक, मग आधी कुणाचं काम करायचं? एक पद्धत म्हणजे प्रत्येक कामाला प्रायोरिटी द्यायची आणि वरच्याचं आधी करायचं. यातला धोका असा की वरची कामं येतच राहिली तर खालच्याची पाळी येतच नाही. पुस्तकात याला ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात, म्हणजे उपासमार. आम्हा लोकलवाल्यांना हा धडा समजावून सांगावा लागला नाही.

पुणे-लोणावळा मार्गावर दोनच रूळमार्ग आहेत, एक जायचा आणि एक यायचा. त्यावरूनच मुंबई-पुणे गाड्या, दक्षिणेकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल असं सगळं जातं. आता साधा हिशेब करा. सगळीकडे थांबणाऱ्या लोकलला पुणे-लोणावळा अंतर कापायला साधारण ८० मिनिटं लागतात, एक्सप्रेसला साधारण तासभर. लोकल सुटल्यावर पाठोपाठ एक्सप्रेस सोडली तर ती वाटेत लोकलला गाठणार. म्हणून एक तर लोकलच्या मागे वीसेक मिनिटं रूळ मोकळा ठेवायचा, नाहीतर लोकलला वाटेत बाजूच्या लाईनवर घेऊन एक्सप्रेस पुढे काढायची. दोन्हीत किंमत लोकलच मोजते. पहिल्या पर्यायात लोकलची संख्या कमी राहते, दुसऱ्यात तिचा वेळ जातो. शिवाय रुळांच्या देखभालीला दिवसा मोकळा वेळ लागतो. तो काढायचा दुपारी, आणि म्हणून वर्षानुवर्षं दुपारी काही तास लोकलच नाही. सकाळची शाळा-कॉलेजं सुटतात तीही दुपारीच.

मुंबईत मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर रोज अठराशेच्या आसपास फेऱ्या होतात. पुणे-लोणावळ्याला दोन्ही दिशा मिळून चाळीसच्या आसपास. मुंबईची तुलना अन्यायाची आहे, मान्य. पण १९७८ नंतर पिंपरी-चिंचवड किती पटींनी वाढलं हे डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

मार्च २०२० मध्ये देशभरातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. मेपासून लांब पल्ल्याच्या काही गाड्या विशेष म्हणून सुरू झाल्या. पुण्याची लोकल रुळांवर यायला ऑक्टोबर उजाडला, तीही अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. मी तेव्हा हिंजवडीतल्या नोकरीचं काम घरातून करत होतो, गच्चीवर जिथे नेटवर्क मिळेल तिथे बसून. लॅपटॉपवरून माझं काम पुण्याला पोचत होतं. माझ्या चुलतबहिणीचं पोचत नव्हतं, कारण ती तळेगावच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला होती आणि पॅकिंग घरून होत नाही. काही महिने ती कुणाच्या तरी टेम्पोतून, पगाराचा मोठा हिस्सा भाड्यात घालून जात राहिली आणि शेवटी तिने काम सोडलं. लग्न ठरलं. टाळेबंदीचा हिशेब मांडताना ही ओळ कुठेच लिहिली जात नाही.

थांब्यांचा हिशेब

एकविसाव्या शतकातही मावळातून जाणाऱ्यांची यादी वाढतेच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. कामशेतजवळ त्याचे बोगदे आहेत, पण कामशेतला उतरायची वाट नाही आणि दुचाकीला त्यावर बंदी आहे. आमच्याकडे बहुतेकांकडे दुचाकीच असते. ऑगस्ट २०११ मध्ये पवनेचं पाणी बंद जलवाहिनीने नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी याच मार्गावर बऊरजवळ उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मेले. मावळातून जाणाऱ्या गोष्टी मावळवाल्यांनी थांबवल्या की काय होतं, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

पुणे-लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची चर्चा आता बरीच वर्षं चालू आहे. ती व्हायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. कर्जत-लोणावळा घाटात, इतक्या अवघड जागी, तीन मार्ग आहेत. सपाटीवर अजून दोनच असावेत हे विचित्र आहे. पण नवे रूळ पडले म्हणजे लोकल वाढेलच असं नाही. ज्या व्यवस्थेत खालच्या कामाची प्रायोरिटी कायम खालीच राहते, तिथे प्रोसेसर दुप्पट केला तरी वरची कामं ती जागा व्यापून टाकू शकतात. स्टार्व्हेशनवर पुस्तकातला उपाय ‘एजिंग’ हा आहे. जे काम जितका जास्त वेळ थांबलं, तितकी त्याची प्रायोरिटी वाढवायची. मावळाने किती वेळ थांबायचं, याचा हिशेब १८५८ पासून मांडता येईल.

म्हणून नवी मार्गिका, नवं वेळापत्रक, नवी गाडी अशी बातमी आली की मी किलोमीटर आणि कोटी रुपये वाचत नाही. किती गाड्या कामशेतला थांबणार, आणि दुपारी एक ते तीनमध्ये त्यांतली एक तरी असणार का, हे शोधतो. गावातल्या मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेवढंच टाकतो. यंदा आमच्या आळीतल्या चार मुलींनी आकुर्डी आणि चिंचवडच्या कॉलेजांत प्रवेश घेतला आहे. त्यांतल्या दोघींच्या घरी ठरलंय की सातच्या आत घरात. संध्याकाळची कुठली लोकल पकडली म्हणजे काळे कॉलनीची एसटी मिळते आणि सात वाजायच्या आत गाव येतं, हे त्यांनी प्रवेशाचा अर्ज भरायच्या आधीच पाहून ठेवलं होतं.